नाममुद्रा आणि सीमारेषा : शीख वाङ्मय व पंथीय अस्मितेची घडण

१

शीख अस्मितेच्या उगमाविषयीची आधुनिक चर्चा दोन भूमिकांमध्ये विभागली गेली आहे. पहिल्या भूमिकेनुसार शीख हा गुरू नानकांपासूनच (१४६९–१५३९) एक स्वतंत्र व स्वयंपूर्ण धर्म असून पुढचा सारा इतिहास हा त्या मूळ बीजाचाच विस्तार होय. दुसऱ्या भूमिकेचे सर्वांत आग्रही प्रतिपादन हरज्योत ओबेरॉय यांनी धार्मिक सीमारेषांच्या उभारणीवर लिहिलेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शीख परंपरेत अनेक आचारपद्धती शेजारी-शेजारी नांदत होत्या. सिंग सभेच्या चळवळीने त्या बहुविधतेला छाटून एकजिनसी ओळख घडवली, असे हे प्रतिपादन आहे. या ग्रंथावरून झालेला वाद केवळ विद्यापीठीय राहिला नाही. श्रद्धावंतांना तो आपल्या अस्तित्वावरील आघात वाटला. उलट बाजूला, श्रद्धेच्या नावाखाली चिकित्सेला बंदी घातली जात आहे अशी अभ्यासकांची तक्रार होती.

या दोन्ही भूमिकांमध्ये एक समान गृहीत दडलेले आहे. दोघीही वाङ्मयाकडे पुरावा म्हणून पाहतात. अस्मिता आधी कोठेतरी असते, किंवा नसते, आणि वाङ्मय तिचे प्रतिबिंब तेवढे दाखवते, असे हे गृहीत आहे. वस्तुतः शीख परंपरेत वाङ्मय हे समाजाचे नुसते प्रतिबिंब नाही. ज्या पंथाने अखेरीस आपला गुरू म्हणून ग्रंथालाच स्वीकारले, त्याच्याबाबतीत तरी संहिता ही घडवणारी शक्ती मानावी लागते. म्हणून ‘ही अस्मिता केव्हा निर्माण झाली’ या प्रश्नाऐवजी ‘कोणत्या वाङ्मयप्रकाराने कोणत्या प्रकारचा “आम्ही” घडवला’ हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. पदसंग्रह, साखी, वार, रहतनामा, कादंबरी आणि कोश या प्रत्येकाने आखलेली सीमारेषा वेगळ्या जातीची आहे.

२

आदिग्रंथाची सिद्धता १६०४ साली अमृतसर येथे झाली. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी संपादन केले, लेखनिक भाई गुरदास होते, आणि हरिमंदिरात ग्रंथाची स्थापना होऊन बाबा बुड्ढा हे पहिले ग्रंथी झाले. त्यापूर्वी तिसरे गुरू अमरदास यांच्या काळात गोइंदवाल येथे पदांच्या पोथ्या तयार झाल्या होत्या, अशी परंपरा आहे. गुरुमुखी लिपीचे श्रेय परंपरा गुरू अंगददेवांना देते. मात्र नानकांच्या आसा रागातील ‘पट्टी’ या रचनेत पस्तीस अक्षरांचा क्रम योजलेला असल्याने अक्षरमालेचा काही आराखडा आधीच प्रचलित असावा असे दिसते. लिपी कोणी शोधली यापेक्षा ती कशासाठी राखली गेली हे महत्त्वाचे आहे. देवनागरी, फारसी किंवा व्यापाऱ्यांच्या लंडे लिपीत न उतरता बाणी स्वतःच्या अक्षरांत उतरली, आणि डोळ्यांना दिसणारी पहिली सीमा येथे आखली गेली.

ग्रंथ सिद्ध करण्याची निकड का भासली, हे समजून घेण्यासाठी गुरुपदाच्या वारशाचा तंटा लक्षात घ्यावा लागतो. अर्जनदेवांचे थोरले बंधू पृथीचंद यांनी गुरुपदावर हक्क सांगितला. त्यांचे पुत्र मिहरबान ‘नानक’ या नावानेच रचना करीत होते. त्यांच्या अनुयायांना मुख्य प्रवाहाने ‘मीणे’ म्हणजे कपटी म्हणून हिणवले, आणि भाई गुरदासांनी एक संपूर्ण वार त्यांच्या धिक्कारासाठी वाहिली. त्याच्याही आधी गुरू अमरदासांनी ‘आनंद’ या रचनेत सच्ची बाणी आणि कच्ची बाणी असा भेद केला होता. याचा अर्थ असा की, शीख वाङ्मयातील पहिली ठाम सीमारेषा हिंदू किंवा मुसलमान यांच्या विरोधात आखलेली नाही. ती खऱ्या आणि खोट्या शब्दाच्या मधोमध आहे, आणि तिच्या पलीकडे उभा असलेला ‘परका’ हा घरातलाच आहे.

मराठी वाचकाला येथे एक समकालीन घटना आठवल्यावाचून राहणार नाही. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, सिद्ध केली आणि तीत नवी ओवी घालण्यास मनाई केली. वीस वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन कृतींत परस्परसंबंध नाही. तरीही, मौखिक परंपरेतून वाढलेले देशी भाषेतील वाङ्मय एका टप्प्यावर प्रक्षेपांच्या भयाने स्वतःभोवती कुंपण घालते, ही प्रक्रिया दोन्हीकडे समान आहे. फरक असा की, एकनाथांनी दुसऱ्याच्या ग्रंथाचा पाठ शुद्ध केला, तर अर्जनदेव हे संपादक होते, ग्रंथातील सर्वाधिक रचनांचे कर्ते होते आणि हयात गुरूही होते. संपादन, निर्मिती आणि अधिकार एकाच व्यक्तीत एकवटल्यामुळे आदिग्रंथ हा संग्रह न राहता प्रमाणग्रंथ झाला.

३

या प्रमाणग्रंथाची रचना साहित्यविचाराच्या दृष्टीने विलक्षण आहे. आरंभीच्या नित्यपाठाच्या रचना आणि अखेरचे श्लोक-सवैये वगळता सारा मजकूर रागांनुसार विभागलेला असून आजच्या प्रमाण आवृत्तीत, म्हणजे १४३० पृष्ठांच्या संहितेत, ३१ राग आहेत. प्रत्येक रागात प्रथम गुरूंच्या रचना, मग भगतांच्या. गुरूंच्या रचनांतही चौपदे, अष्टपदी, छंत, वार असा क्रम. विषयानुसार, तत्त्वानुसार किंवा चरित्रक्रमानुसार वर्गीकरण नाही. वर्गीकरणाचे तत्त्व गायन हे आहे. त्यामुळे या ग्रंथाने घडवलेला ‘आम्ही’ प्रथमतः गाणारा आणि ऐकणारा समुदाय आहे, म्हणजे संगत आहे. सिद्धान्त मान्य करून तो समुदायात येत नाही; कीर्तनात बसून येतो.

याहून लक्षणीय आहे ती नाममुद्रा. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ या मुद्रांची सवय असलेल्या मराठी वाचकाला मुद्रा म्हणजे कर्त्याची सही वाटते. आदिग्रंथात मात्र अंगद, अमरदास, रामदास, अर्जन आणि पुढे तेगबहादूर हे पाचही गुरू ‘नानक’ हीच मुद्रा वापरतात. कोणती रचना कोणाची, हे मुद्रेवरून कळत नाही. ते शीर्षातील ‘महला’ या शब्दापुढच्या अंकावरून कळते. महला १ म्हणजे पहिले नानक, महला ५ म्हणजे पाचवे. काव्याच्या आत एकच आवाज आहे आणि काव्याच्या बाहेर, संपादकीय शीर्षात, ऐतिहासिक व्यक्तींची नोंद आहे. लेखक ही व्यक्ती नसून संहितेचे एक कार्य आहे, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील समीक्षाविचार येथे सिद्धान्ताच्या रूपाने नव्हे, तर ग्रंथव्यवहाराच्या रूपाने अस्तित्वात होता. गुरुपद ही व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाणारी ज्योत आहे, ही धारणा नाममुद्रेनेच वाचकाच्या मनात रुजवली. १७०८ साली नांदेड येथे दहावे गुरू गोविंदसिंग यांच्या अखेरीस देहधारी गुरूंची परंपरा थांबली आणि गुरुपद ग्रंथाकडे आले, तेव्हा हे स्थित्यंतर पंथाला पेलता आले. आवाज आणि देह यांची फारकत संहितेने शंभर वर्षे आधीच केली होती.

४

ज्या ग्रंथाने स्वतःभोवती इतके काटेकोर कुंपण घातले, त्यानेच पंधरा भगतांच्या रचना आत घेतल्या, हे वरकरणी विसंगत वाटते. कबीर, रविदास, शेख फरीद, त्रिलोचन, जयदेव, धन्ना, सदना अशा या नामावळीत चांभार आहे, विणकर आहे, खाटीक आहे, सूफी शेखही आहे. नामदेवांची सुमारे साठ पदे तीत आहेत. ती वारकरी गाथेतील मराठी अभंगांची भाषांतरे नव्हेत. उत्तरेतील संतभाषेतल्या त्या स्वतंत्र रचना होत. त्या पदांचे कर्ते आणि पंढरपूरचे नामदेव एकच की दोन, हा वाद मराठी संशोधनात दीर्घकाळ चालला. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावाने मात्र तो प्रश्न स्मृतीच्या पातळीवर केव्हाच निकालात काढला आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले ते याच स्मृतीच्या आधारे. पदांच्या कर्तृत्वाचा वाद सोडवण्यापेक्षा येथे वेगळा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रमाणग्रंथाने या आवाजांना कोणत्या अटीवर प्रवेश दिला?

तो बिनशर्त नव्हता. फरीद आणि कबीर यांच्या श्लोकांमध्ये ठिकठिकाणी गुरूंचे श्लोक महला-अंकासह घातलेले आहेत. फरीदांचा वैराग्याचा, देहदंडनाचा सूर टिपेला पोहोचतो तेथे नानक किंवा अमरदास त्याला उत्तर देतात. मूळ श्लोक काढून टाकलेला नाही. त्याच्याशी संवाद साधून त्याचा अर्थ वळवलेला आहे. सारंग रागात सूरदासांच्या नावावर प्रमाण पाठात एकच ओळ आहे आणि तिच्यापाठोपाठ त्याच विषयावरचे महला ५ चे संपूर्ण पद येते. ‘भाई बन्नो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखित शाखेत मात्र सूरदासांचे ते पद पूर्ण आढळते, आणि तेथे मीराबाईंचे एक पदही आहे. प्रमाण पाठात मीरेला स्थान मिळाले नाही. म्हणजे स्वीकार, उत्तर, संक्षेप आणि वर्जन या चारही संपादकीय कृती भगतबाणीच्या मांडणीत दिसतात. पशौरा सिंग आणि गुरिंदर सिंग मान यांनी अनुक्रमे २००० आणि २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाठचिकित्सक ग्रंथांनंतर ही प्रक्रिया नाकारता येत नाही.

तरीही या कृतींना केवळ सत्तेचा व्यवहार मानणे अपुरे ठरेल. भैरउ रागातील एका पदाच्या शीर्षात महला ५ अशी नोंद आहे आणि त्याच पदाच्या शेवटी कबीराची मुद्रा आहे. आपण हिंदूही नाही आणि मुसलमानही नाही, असा दुहेरी नकार त्या पदात आहे. गुरूने आपला सर्वांत स्पष्ट अस्मितावाचक उद्गार काढताना विणकराची मुद्रा वापरावी, ही घटना बोलकी आहे. स्वतंत्रतेची घोषणाच मुळी दुसऱ्याच्या आवाजात केलेली आहे. या ग्रंथाची सीमारेषा जात, पंथ वा जन्म यांवरून जात नसून शब्दाच्या खरेपणावरून जाते, याचे याहून भक्कम प्रमाण मिळणे कठीण.

५

सतराव्या-अठराव्या शतकांत सीमारेषेचे स्थान बदलले. हा बदल आदिग्रंथात नव्हे, तर त्याच्याभोवती वाढलेल्या वाङ्मयप्रकारांत घडला. भाई गुरदासांच्या वारांना परंपरेने ग्रंथाची किल्ली म्हटले. पहिल्याच वारेत नानकांचे कार्य इतिहासाच्या पटावर मांडलेले आहे: हिंदू आणि मुसलमान यांच्यातील कलह, सिद्धांशी वाद, मक्का-बगदादचा प्रवास आणि अखेरीस निर्मळ पंथाची स्थापना. पदांतील नानक ईश्वराशी बोलतात. वारेतील नानक जगाच्या इतिहासात कार्य करतात. भक्तीचा उद्गार कथनात उतरताच त्याला पूर्वपक्ष लागतो आणि पूर्वपक्षाबरोबर सीमारेषाही येते.

जनमसाख्यांनी हेच काम लोकांच्या पातळीवर केले. पुरातन, बाला, मिहरबान या भिन्न परंपरांतील साख्या एकमेकींशी जुळत नाहीत. प्रत्येक शाखेने आपापला नानक सांगितला. १७३३ साली तयार झालेले, बी-४० या क्रमांकाने ओळखले जाणारे सचित्र हस्तलिखित लंडनमध्ये आहे. त्यातील चित्रांत नानक योगी, सूफी, राजे अशा सर्वांच्या भेटी घेताना दिसतात. चरित्र म्हणून या साख्यांची विश्वसनीयता डब्ल्यू. एच. मॅक्लाउड यांनी १९६८ साली कठोरपणे तपासली आणि खात्रीलायक असे फारच थोडे शिल्लक ठेवले. मात्र लीळाचरित्राच्या वाचकाला ठाऊक असते की, अशा ग्रंथांचे सत्य घटनांच्या यादीत नसून अनुयायांच्या अपेक्षेत असते. साखीतला नानक सर्वत्र जातो, सर्वांशी बोलतो आणि कोणातही विरून जात नाही. साखी ऐकणाऱ्या शेतकऱ्याला, कारागिराला त्याच्या दैनंदिन सहजीवनाचे हेच रूप हवे होते.

१६९९ मध्ये खालशाची स्थापना झाल्यानंतर अस्मितेची भाषा देहाची आणि आचाराची झाली. सैनापतीच्या ‘श्री गुरसोभा’ या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या काव्यात गुरूचे रूप खालशात आणि बाणीत सांगितले आहे. रहतनाम्यांनी केस, शस्त्र, वर्ज्य पदार्थ, वर्ज्य संबंध यांचे नियम दिले. हा वाङ्मयप्रकार विधि-निषेधांच्या आज्ञांचा आहे. पद ‘गा’ म्हणते, साखी ‘ऐक’ म्हणते, रहतनामा ‘असा राहा’ म्हणतो. छळाच्या आणि सशस्त्र संघर्षाच्या काळात समुदायाला एकमेकांना ओळखण्यासाठी दृश्य खूण हवी होती. ती गरज रहतनाम्याने भागवली. मात्र याच काळात दशमग्रंथही मान्यता पावत होता. त्यात ‘जाप’ आणि ‘अकाल उस्तत’ यांसारख्या निर्गुण स्तुतींबरोबर कृष्णावतार, चंडीचरित्र, स्त्रीचरित्रांच्या कथा आणि औरंगजेबाला उद्देशून फारसीत लिहिलेले ‘जफरनामा’ हे पत्रकाव्य एकत्र आहेत. आचारात सीमा कडक होत असताना काव्यात ब्रज भाषेची, पुराणकथांची आणि फारसी मसनवीची दारे उघडी होती. नांदेडच्या हजूर साहिब येथे आणि पाटण्याला आजही गुरू ग्रंथसाहिबाच्या जोडीने दशमग्रंथाची स्थापना असते. पंजाबातील मुख्य संस्थांनी ही पद्धत स्वीकारलेली नाही. एकाच पंथाच्या तख्तांवर दोन वाचनपरंपरा टिकून आहेत, ही वस्तुस्थिती एकजिनसीपणाच्या दोन्ही सिद्धान्तांना अडचणीत आणते.

६

मुद्रणाने चित्र पालटले. अमृतसरची सिंग सभा १८७३ साली, लाहोरची १८७९ साली स्थापन झाली. अर्न्स्ट ट्रम्प यांचे आदिग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८७७ साली निघाले. त्यातील तुच्छतेचा सूर शीख वाचकांना झोंबला. दुसरीकडून आर्य समाजाची टीका आणि शुद्धीची मोहीम होती. या परिस्थितीत नव्या सुशिक्षित वर्गाने मुद्रणप्रधान वाङ्मयप्रकार हाती घेतले. भाई वीरसिंग यांची ‘सुंदरी’ (१८९८) ही पंजाबीतील पहिली कादंबरी मानली जाते. अठराव्या शतकात मोगल अंमलदाराने पळवलेली हिंदू मुलगी खालशाच्या आश्रयाने अमृत घेऊन सुंदरी होते, असे तिचे कथानक आहे. कादंबरीने रहतनाम्याच्या आज्ञेला भावनेचे शरीर दिले. वाचक नियम शिकत नाही. तो एका स्त्रीच्या शौर्याशी तादात्म्य पावतो आणि नियम आपोआप आत्मसात करतो.

त्याच वर्षी काहनसिंग नाभा यांचे ‘हम हिंदू नहीं’ हे पुस्तक निघाले. हिंदू आणि शीख यांच्यातील संवादाच्या रूपात ते रचलेले आहे. भैरउ रागातील त्या दुहेरी नकाराशी हे शीर्षक ताडून पाहिले तर तीन शतकांतील अंतर एका दृष्टिक्षेपात कळते. दोन नकारांपैकी एकच उरला आहे. कारण उघड आहे. १८९८ मध्ये शिखांना कोणी मुसलमान समजत नव्हते. शिरगणतीच्या रकान्यात आणि न्यायालयात प्रश्न हिंदू कायद्याचा होता. त्याच वर्षी दिवंगत झालेल्या सरदार दयालसिंग मजिठिया यांच्या मृत्युपत्राच्या दाव्यात तो पुढे प्रत्यक्ष उपस्थित झाला. अनुभूतीच्या पातळीवरील नकार आता वर्गीकरणाच्या पातळीवर आला. संवाद हे रूप टिकले, पण फरीदाला उत्तर देणारा संवाद आणि प्रतिपक्षाला निरुत्तर करणारा संवाद हे दोन भिन्न व्यवहार होत.

संपादन आणि भाष्य या क्षेत्रांतही हेच घडले. फरीदकोट संस्थानाच्या आश्रयाने सिद्ध झालेली टीका वेदान्ताच्या परिभाषेत बाणी समजावते. सिंग सभेच्या पिढीने तिला बाजूस सारले. रतनसिंग भंगू यांचा ‘पंथ प्रकाश’ वीरसिंगांनी १९१४ साली छापला, तो स्वतःच्या दृष्टीने सोज्ज्वळ करून. संतोखसिंगांचा ब्रज भाषेतील विशाल ‘सूरज प्रकाश’ त्यांनी पुढे संपादित केला तेव्हा मूळ पाठ राखला, मात्र तळटीपांतून त्याच्याशी जागोजागी मतभेद नोंदवले. काहनसिंगांचा ‘महानकोश’ (१९३०) आणि साहिबसिंगांचे गुरबाणीचे व्याकरण यांनी अर्थनिर्णयाचा अधिकार गुरुशिष्यपरंपरेच्या कथाकारांकडून कोश आणि व्याकरण यांच्याकडे नेला. अखेर १९२५ च्या गुरुद्वारा कायद्याने आणि १९५० साली प्रसिद्ध झालेल्या रहत मर्यादेने ‘शीख कोण’ याची व्याख्याच दिली. गाण्यापासून व्याख्येपर्यंतचा हा प्रवास होय.

७

या आढाव्यातून ओबेरॉय यांचे प्रतिपादन अर्धे टिकते. व्याख्येच्या रूपातील अस्मिता ही वसाहतकालीन मुद्रणसंस्कृतीची निर्मिती आहे, हे मान्य करावे लागते. पण सीमारेषा आखण्याची कृती तिने निर्माण केलेली नाही. कच्च्या आणि सच्च्या बाणीच्या भेदापासून ती परंपरेच्या गाभ्यात होती. उलट पक्षी, आरंभापासून एकच अस्मिता अखंड चालत आली, हे श्रद्धावंतांचे म्हणणेही संहिता पूर्णतः उचलून धरत नाही. सातत्य आहे ते सीमेचे नव्हे, सीमा आखण्याच्या आधाराचे: प्रत्येक पिढीने आपली रेषा आखताना त्याच ग्रंथाकडे बोट दाखवले. सिंग सभेच्या लेखकांनी काही नवे रचले असेल, परंतु ते शून्यातून रचले नाही. त्यांच्या हाताशी गुरदासांची वार होती, रहतनामा होता आणि दुहेरी नकाराचे ते पदही होते.

व्याख्या कितीही काटेकोर झाली तरी ज्या ग्रंथावर ती उभी आहे तो ग्रंथ तिच्यापेक्षा मोठा राहिला आहे. नामदेव, कबीर, रविदास आणि फरीद हे व्याख्येनुसार शीख नव्हेत. तरीही ग्रंथापुढे माथा टेकणारा प्रत्येक जण त्यांच्या शब्दापुढेही माथा टेकतो. एकोणिसाव्या शतकात सनातनी पुराणकथा वगळल्या गेल्या, टीका बाजूस सारल्या गेल्या, चरित्रे शुद्ध केली गेली. भगतांचे शब्द मात्र जागचे हलवता आले नाहीत, कारण ते गुरूच्या देहाचाच भाग झाले होते. ज्या बंदिस्तपणाने प्रक्षेप रोखले, त्यानेच परक्यांचे शब्दही राखले. शीख वाङ्मयाच्या अभ्यासकाने अस्मितेचा विचार करताना ही दुहेरी क्रिया नजरेआड केली, तर त्याच्या हाती एक तर केवळ कुंपण उरेल, नाहीतर केवळ मोकळे रान. आणि या दोहोंपैकी कशालाही आदिग्रंथाच्या संहितेत आधार नाही.